घाट उतरताना : कसाऱ्याचे रूळ, लाल दिवा आणि ब्रेकचा इतिहास

कुठेच न जाणारे रूळ

कसारा घाटात रेल्वेचे काही रूळ कुठेच जात नाहीत. मुख्य मार्गापासून ते फुटतात, चढ धरतात आणि थोड्या अंतरावर संपतात. पुढे ना स्टेशन, ना बोगदा. नाशिकहून मुंबईला जाताना खिडकीशी बसलं की ते दिसतात आणि लहानपणी मला वाटायचं, काम अर्धवट सोडून लोक निघून गेले असणार.

त्यांना कॅच सायडिंग म्हणतात आणि ते अजिबात अर्धवट नाहीत. घाट उतरणारी गाडी ताब्यातून सुटली, तर तिला दरीत किंवा समोरच्या गाडीवर जाऊ न देता चढावर घेऊन थांबवायचं, एवढ्यासाठी ते टाकले आहेत. पण खरी गंमत सांध्यात आहे. सांधा म्हणजे रूळ बदलायची जागा. आपल्याला वाटेल, सांधा एरवी मुख्य मार्गाकडे असेल आणि गाडी सुटल्याचं कळलं की कोणीतरी धावत जाऊन तो सायडिंगकडे फिरवत असेल. व्यवस्था नेमकी उलटी आहे. सांधा मुळातच सायडिंगकडे लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीनं आधी थांबून दाखवायचं, म्हणजे तिचे ब्रेक शाबूत आहेत हे सिद्ध झालं, आणि मग तिच्यासाठी मुख्य मार्ग जोडायचा.

म्हणजे गृहीत काय धरलंय? येणाऱ्या गाडीचे ब्रेक गेलेले आहेत. ते गेलेले नाहीत हे गाडीनं दाखवून द्यायचं.

मी पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्याकडे अशा विचाराला मोठमोठी नावं आहेत, त्यावर कॉन्फरन्स होतात. ही मंडळी हे सगळं दीडशे वर्षांपूर्वी डोंगर फोडून, लोखंडात करून मोकळी झाली होती. ते समजल्यापासून मी ब्रेकच्या इतिहासाच्या मागे लागलो आणि वाचता वाचता लक्षात आलं की आपल्या गाडीच्या मीटरवर पेटणारा लाल दिवा याच घराण्यातला आहे. त्याची वंशावळ कळली की तो वाचता येतो. तीच इथे सांगतो.

उंचीचा हिशोब

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पुढचं सहसा कोणी सांगत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, समोर सह्याद्रीची भिंत बघून अडली होती. देशावरचा कापूस बंदरात आणायचा तर भिंत चढणं भाग होतं. त्यासाठी दोन वाटा निवडल्या. पुण्याकडे बोरघाट आणि नाशिककडे थळ घाट, म्हणजेच आपला कसारा घाट. जेम्स बर्कली हा जीआयपीचा मुख्य अभियंता. १८६१ मध्ये रूळ कसाऱ्यापर्यंत आले. तिथून इगतपुरीपर्यंतच्या जेमतेम पंधरा किलोमीटरला १८६५ उजाडलं.

या पंधरा किलोमीटरमध्ये रेल्वे ९७२ फूट चढते, म्हणजे जवळजवळ ३०० मीटर. सगळ्यात तीव्र चढ ३७ ला १. सदतीस मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. रस्त्यावर हा चढ आपल्याला जाणवतो न जाणवतो. लोखंडी रुळावर लोखंडी चाक चालवणाऱ्यांसाठी तो भयंकर असतो. म्हणूनच आजही कसाऱ्याला अनेक गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात आणि इगतपुरीला सुटतात.

चढताना इंजिनाची परीक्षा असते हे सगळ्यांना समजतं. उतरताना कोणाची परीक्षा असते, ते आकड्यांत बघू.

तुमची गाडी माणसं आणि सामान धरून १,५०० किलो आहे असं समजा. ती ३०० मीटर खाली आली की सुमारे ४४ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. वेग वाढू द्यायचा नसेल तर ती उष्णता होऊन बाहेर पडते. ८० च्या वेगातली हीच गाडी कचकन थांबवली तर साधारण पावणेचार लाख ज्यूल बाहेर पडतात. म्हणजे फक्त ब्रेकच्या भरवशावर घाट उतरणं हे ८० वरून पूर्ण थांबण्याचे बारा ब्रेक पाठोपाठ मारण्यासारखं आहे. (हवेचा विरोध वगैरे मी सोडून दिलाय, पण अंदाज यायला हे पुरे.)

आता २५ टनांचा ट्रक घ्या. त्याचा आकडा सात कोटी ज्यूलच्या पुढे जातो. एवढ्या उष्णतेत नळाचं दोनशेहून अधिक लिटर पाणी उकळेल. आणि ही सगळी उष्णता पोटात घ्यायची कोणी? चाकांच्या आत बसलेल्या ड्रमनी आणि त्यावर घासणाऱ्या लायनरनी.

ब्रेकची निम्मी गोष्ट एवढीच आहे. ब्रेक गाडीचा वेग नाहीसा करत नाही, त्याची उष्णता करतो. उष्णता बाहेर पडण्यापेक्षा जास्त वेगानं तयार व्हायला लागली की ब्रेक हळूहळू मरायला लागतो. हळूहळू हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

तुटला तरी लागणारा ब्रेक

सुरुवातीच्या रेल्वेगाड्यांना आजच्यासारखा एकत्र ब्रेक नव्हता. इंजिनाला ब्रेक, गार्डच्या डब्याला ब्रेक आणि मधले डबे आपले मागोमाग. ड्रायव्हरनं शिट्टी द्यायची, ती ऐकून गार्डनं हातानं चाक फिरवून आपला ब्रेक आवळायचा. घाटात हा कारभार किती नाजूक असेल, याची कल्पना करा. कॅच सायडिंगवर एवढा खर्च का केला, ते यावरून कळतं.

अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसनं १८६९ मध्ये हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक आणला. इंजिनातून दाबाची हवा नळीनं डब्यांत पाठवायची, की सगळे ब्रेक एकदम लागतात. छान होतं, पण एक मेख होती. नळी फुटली तर? हवा पोचणारच नाही, म्हणजे ब्रेक लागणारच नाहीत. जेव्हा सगळ्यात जास्त गरज, नेमका तेव्हा ब्रेक गायब.

तीनेक वर्षांत त्यानं रचना उलटी केली. आता नळीतली हवा ब्रेक लावायला नव्हे, तर ब्रेक सुटलेला ठेवायला वापरायची. नळीतला दाब कमी झाला, मग तो ड्रायव्हरनं मुद्दाम कमी केलेला असो किंवा नळी फाटल्यामुळे, की प्रत्येक डब्यात साठवलेली हवा आपापला ब्रेक लावते. बिघाड झाला की गाडी थांबते. ब्रिटिश वळणाच्या रेल्वेत, म्हणजे आपल्याकडेही, पुढे बराच काळ याचं भावंड चाललं, ते म्हणजे व्हॅक्युम ब्रेक. तिथे नळीतली हवा काढून घेतलेली असते आणि बाहेरची हवा आत शिरली की ब्रेक लागतो. डब्यातली साखळी ओढली की गाडी थांबते ती त्यामुळेच. साखळी ड्रायव्हरला निरोप पाठवत बसत नाही, ती थेट ब्रेकच्या नळीची झडप उघडते.

हा फरक किती मोलाचा आहे, हे जगाला १२ जून १८८९ ला कळलं. आयर्लंडमध्ये आर्मा गावाजवळ सहलीला निघालेल्या मुलांनी भरलेली गाडी चढावर अडली. गाडीचे दोन भाग करून पुढचा आधी वर न्यायचं ठरलं. त्या गाडीचा व्हॅक्युम ब्रेक साधा होता, आपोआप लागणारा नव्हता. डबे सुटे होताच मागच्या भागाला फक्त गार्डचा हातब्रेक उरला. डबे उताराला लागले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० माणसं गेली, त्यात मुलं बरीच. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेनं प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा सलग ब्रेक सक्तीचा केला.

हेच तत्त्व आज तुमच्या शेजारून जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या ट्रकमध्ये आहे. त्याच्या पार्किंग ब्रेकला जबरदस्त स्प्रिंग असते. ती स्प्रिंग ब्रेक लावू बघते आणि टाकीतली हवा तिला मागे दाबून ठेवते. हवा संपली तर स्प्रिंग जिंकते. रस्त्याच्या मधोमध चाकं जाम होऊन उभा असलेला ट्रक आपण पाहतो आणि वैतागतो. पुष्कळदा तो ट्रक हवा गेल्यावर करायला हवं तेच करत असतो.

खेकडा

१९२० च्या दशकाच्या अखेरीस दोन्ही घाटांत विजेची इंजिनं आली. त्यातलं मालगाड्यांचं इंजिन डब्ल्यूसीजी-१. लांब नाक पुढेही आणि मागेही, मधून सांधलेलं, विचित्र कण्हणारं. लोकांनी त्याला खेकडा म्हणायला सुरुवात केली. या खेकड्याची करामत उतारावर दिसायची. गाडी खाली येताना त्याच्या मोटरी उलट्या कामाला लागायच्या, जनित्र बनायच्या आणि तयार झालेली वीज वरच्या तारेत परत जायची. म्हणजे एक गाडी उतरताना दुसऱ्या चढणाऱ्या गाडीला हातभार लावायची. उंचीची उष्णता न करता तिची वीज केली, त्यामुळे चाकांवरचे ब्रेक थंड राहिले.

आज इलेक्ट्रिक गाडीच्या जाहिरातीत रीजनरेटिव्ह ब्रेकिंग हे नव्या युगाचं काहीतरी म्हणून दाखवतात. ते कसाऱ्यात जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी चालत होतं. एक कामाची गोष्ट यातून निघते. तुमची इलेक्ट्रिक गाडी असेल तर इगतपुरीला बॅटरी १०० टक्के भरून लगेच घाट उतरू नका. भरलेल्या बॅटरीत वीज मावत नाही आणि मग सगळा भार साध्या ब्रेकवर येतो.

पेट्रोल-डिझेलच्या गाडीतही खेकड्याचा भाऊ असतो, फुकटचा. त्याला इंजिन ब्रेकिंग म्हणतात. खालच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की चाकं इंजिनाला फिरवायला लागतात आणि इंजिन त्यांना मागे ओढतं. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम त्यासाठीच. गिअर नसलेल्या स्कूटरला हा भाऊ फार अशक्त असतो, म्हणून स्कूटरवर घाट उतरणाऱ्यांनी मध्ये थांबून ब्रेक गार होऊ द्यावेत.

न्यूट्रलचं डिझेल

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ, कात्रजच्या नव्या बोगद्याकडून येणाऱ्या उतारावर, एका ट्रकनं ४० हून अधिक गाड्यांना धडक दिली. पहिली बातमी नेहमीचीच होती, ब्रेक फेल. नंतर पोलिसांच्या प्राथमिक तपासात वेगळंच समोर आलं. डिझेल वाचवायला ड्रायव्हरनं उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती.

यात काय काय जातं ते बघा. इंजिन ब्रेकिंग गेलं. हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो, तोही बंद. म्हणजे दर वेळी ब्रेक दाबला की टाकीतली हवा कमी होणार आणि नवी येणार नाही. इंजिनावर चालणारं पॉवर स्टिअरिंगही जड झालं. आणि सात कोटी ज्यूलचं जे गणित आपण केलं, तसल्या ओझ्याखाली एकटे लायनर उरले. लायनर तापले की त्यांची पकड सुटते. ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून लांब जातो. ड्रायव्हर जास्त जोरात दाबतो, ते जास्त तापतं. हे एका क्षणात होत नाही. काही किलोमीटर चाललेलं असतं.

वाईट याचं वाटतं की वाचवायला गेलेलं डिझेल तिथे नव्हतंच. आजची इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये असताना उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारं इंधन जवळजवळ पूर्ण तोडते, कारण इंजिन चाकांच्या जोरावर फिरतच असतं. उलट न्यूट्रलमध्ये टाकून इंजिन चालू ठेवलं तर ते बंद पडू नये म्हणून इंधन जाळावं लागतं. म्हणजे गिअरमध्ये उतरणंच स्वस्त. आमच्या सातपूरला मायकोत, म्हणजे आताच्या बॉशमध्ये, डिझेलचे इंजेक्टर बनतात. त्यांना ही बचत येते. न्यूट्रलचा सल्ला कार्ब्युरेटरच्या काळात अडकलेला आहे आणि धाब्याधाब्यावर अजून दिला जातो.

म्हणून 'ब्रेक फेल' हे शब्द मला खटकतात. त्यात वीज पडल्यासारखा भाव आहे. ब्रेक बहुतेक वेळा बराच आधीपासून काहीतरी सांगत असतो.

ब्रेक ऑइल, जे ऑइल नाही

सांगतो कसा, ते कळायला कारच्या ब्रेकमध्ये डोकवावं लागेल. तुम्ही पेडल दाबता तेव्हा मास्टर सिलिंडर एका द्रवावर दाब देतो आणि तो दाब बारीक नळ्यांतून चारही चाकांकडे पोचतो. या द्रवाला आपण ब्रेक ऑइल म्हणतो. तेलाशी त्याचा संबंध नाही. बहुतेक गाड्यांत तो ग्लायकॉल जातीचा असतो आणि त्याला एक खोड आहे, तो हवेतलं पाणी ओढून घेतो.

बाटलीवर डॉट ३ किंवा डॉट ४ असं लिहिलेलं असतं. कोरा डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये, असा नियम आहे. पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. म्हणजे काही पावसाळे खाल्लेलं ब्रेक ऑइल दिसायला तेवढंच असतं, पण घाटात लवकर उकळतं. उकळलं की वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पेडल कापसात पाय घातल्यासारखं खाली जातं आणि चाकापर्यंत काही पोचत नाही. गाडी थंड झाली की सगळं पुन्हा ठीक, त्यामुळे गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही. साधारण दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला, असं गाड्यांच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं ते यासाठी. कमी झालं म्हणून वरून ओतणं म्हणजे बदलणं नव्हे.

दिव्याचा जन्म

जुन्या गाड्यांत चारही चाकांसाठी दाबाची एकच वाट असायची. एक नळी फुटली की सगळे ब्रेक गेले. उपाय म्हणून वाटा दोन केल्या. एक फुटली तरी दुसरी दोन चाकं थांबवते. पण यातून नवाच घोटाळा झाला. अर्धा ब्रेक गेला तरी गाडी थांबतेच, जरा उशिरा, जरा पेडल खोल जाऊन. माणसाला त्याची सवय होते. आणि मग एक दिवस उरलेला अर्धाही जातो.

म्हणून अमेरिकेत १९६८ पासून गाड्यांना दुहेरी ब्रेकबरोबरच, एक बाजू निकामी झाली तर पेटणारा दिवा सक्तीचा झाला. दिव्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ब्रेक इतका सावरून घेणारा झाला होता की त्याचं दुखणं लपायला लागलं. दुखणं बाहेर यावं म्हणून दिवा.

१९७८ मध्ये बॉशनं मर्सिडीजच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक एबीएस आणलं. चाक जाम होतंय असं दिसलं की ब्रेकचा दाब क्षणभर सोडायचा, पुन्हा धरायचा, सेकंदात कित्येकदा, म्हणजे घसरणाऱ्या रस्त्यावरही स्टिअरिंग ऐकतं. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या कारना आणि १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना ते सक्तीचं आहे. इथेही विचार तोच ठेवलाय. एबीएसच्या संगणकाला स्वतःवर शंका आली तर तो बाजूला होतो, साधा ब्रेक तुमच्या हाती देतो आणि पिवळा दिवा लावतो.

दिवे आणि पेडल वाचताना

लाल वर्तुळ, आत उद्गारचिन्ह, दोन्ही बाजूंना कंस. हा पेटला तर आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का बघा. असेल तर बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघा. पातळी खालच्या खुणेपाशी असेल तर दोनच शक्यता. पॅड झिजलेत, म्हणजे पातळी महिनोन्महिने हळूहळू उतरली. किंवा गळती आहे, म्हणजे ती काही दिवसांत उतरली. गळती असेल तर गाडी हलवू नका. दिवा वळणावर किंवा उतारावर लुकलुकतो आणि सपाटीवर विझतो, तेव्हा पातळी काठावर आलेली असते. गाडी कलली की द्रव हिंदकळतो. घाटातलं हे लुकलुकणं म्हणजे सगळ्यात पहिली हाक.

पिवळा एबीएसचा दिवा एकटाच पेटला, तर साधे ब्रेक लागतात, पण जोरात दाबल्यावर चाकं जाम होऊ शकतात. अंतर ठेवा आणि सावकाश गॅरेज गाठा. पुष्कळदा चाकाजवळच्या सेन्सरवर चिखल बसलेला असतो किंवा त्याची वायर तुटलेली असते. लाल आणि पिवळा दोन्ही एकदम पेटले तर मात्र बाजूला घ्या. पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही तेव्हा बंद असू शकते.

पेडलचीही भाषा आहे. पेडल मऊ लागतं, दोन-तीनदा दाबल्यावर सावरतं, तर नळीत हवा किंवा वाफ आहे. दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली सरकत राहतं, तर मास्टर सिलिंडर आतून गळतोय. दगडासारखं कडक लागतं, तर बूस्टरचं व्हॅक्युम गेलंय (इंजिन बंद करून उतरणाऱ्याला हेच भेटतं). ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते, तर कुठल्यातरी चाकाचा ब्रेक जाम आहे किंवा लागत नाही. बारीक किणकिणाट म्हणजे पॅड संपत आलेत, खरवडल्याचा आवाज म्हणजे संपले आणि लोखंड लोखंडावर घासतंय. पेडल थरथरतं, तर डिस्क सारखी राहिलेली नाही.

उतारावर पेडल खाली गेलंच तर इंजिन बंद करू नका. पेडल भराभर दाबत राहा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा, धोक्याचे दिवे लावा आणि गाडी डोंगराच्या बाजूला घ्या. जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबून वाट बघा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते.

दिवा घालवून देणारे

माझ्या कामात रात्रपाळी असते. सर्व्हर आजारी पडला की फोन वाजतो. काही इशारे रोज वाजतात आणि काहीच घडत नाही. मग कोणीतरी वैतागून इशारा बंद करतं, सर्व्हर तसाच ठेवतं. ही वृत्ती कॉम्प्युटरनं आणलेली नाही.

गेल्या वर्षी माझ्या मित्रानं एक जुनी कार घेतली. गाडी ऐटीत होती, मीटरवर एकही दिवा नाही. द्वारकेजवळच्या आमच्या ओळखीच्या मेकॅनिककाकांनी फक्त चावी फिरवली, इंजिन सुरू न करता, आणि मीटरकडे बघत म्हणाले, "एबीएसचा दिवा कुठंय?" मीटर खोललं तर दिव्यावर मागून काळी टेप चिकटवलेली. पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरची वायर तुटलेली होती. ती जोडायला मीटर खोलण्यापेक्षा कमी वेळ लागला. टेप कोणी लावली ते कळलं नाही. मित्र म्हणाला, फसवलं. काका म्हणाले, "फसवायलाच लावली असेल असं नाही रे. गिऱ्हाईकच येऊन म्हणतात, तो दिवा त्रास देतोय, घालवून द्या."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आपण दिवा घालवायला सांगतो, कारण दिवा डोळ्यांपुढे असतो आणि ब्रेक चाकात असतो.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि इगतपुरीजवळच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाट टाळता यायला लागला. छान झालं. पण जुना घाट ओस पडलेला नाही, आणि २०२७ च्या सिंहस्थाला सगळ्या दिशांनी गाड्या नाशिककडे येणार. त्यातल्या पुष्कळ ड्रायव्हरांनी सह्याद्रीचा उतार आयुष्यात पाहिलेला नसेल. रस्ता कितीही रुंद झाला तरी ते ३०० मीटर उतरावेच लागणार, बोगद्यातून गेलात तरी. तेवढी उष्णता निघणारच.

तेव्हा एक सवय लावून घ्या, तिला पाच सेकंद लागतात. चावी फिरवा, पण इंजिन सुरू करू नका. मीटरवरचे दिवे पेटतील. गाडी त्या वेळी आपले दिवे जिवंत आहेत हे दाखवत असते, कॅच सायडिंगपुढे थांबून दाखवणाऱ्या गाडीसारखी. त्यात एबीएसचा पिवळा दिवा आहे का बघा. मग इंजिन सुरू करा, हँडब्रेक खाली घ्या आणि लाल-पिवळे दोन्ही विझले का बघा. जो विझत नाही त्याचं कारण शोधा. आणि जो पेटलाच नाही, त्याचं कारण त्याच्याही आधी शोधा.